घरात नवा ओटीजी आलाय? मग केक शेवटी करा (सांगलीकडच्या नवख्यांसाठी)

दिवाळीच्या ऑफर लागल्या की आमच्या विश्रामबागेत आजूबाजूला कुणाकडं तरी नवा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हंजे रॉडवर तापणारा विजेचा छोटा ओव्हन) येतोच, आणि मग आठवड्याभरात मेसेज सुरू होतात, केक वरनं काळा झाला आणि आतनं कच्चा राहिला, पंखा लावायचा का नाही, रॉड लाल व्हायचा बंद झाला म्हंजे बिघडला का. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

हे सगळं पंखावाल्या म्हंजे कन्व्हेक्शनवाल्या ओटीजीबद्दल आहे. मायक्रोवेव्हचं गणित वेगळं, त्यात धातूचं भांडं चालत नाही, इथं उलट धातूचंच बरं पडतं, त्यामुळं मायक्रोवेव्हची रेसिपी बघून ओटीजीत काही करायला जाऊ नका.

आणि माझा मुख्य आग्रह आधीच सांगते. पहिल्या दिवशी केक करू नका. केक आत गेला की तुमच्या हातात काही उरत नाही, मधे उघडता येत नाही, ढवळता येत नाही, चव बघता येत नाही. दाणे, पोहे, वांगी यांचं तसं नाही, बघता येतं, हलवता येतं, पाच मिनिटं वाढवता येतात. ओव्हनचा स्वभाव आधी त्यांच्यावर कळू द्या.

१. घ्यायच्या आधी: लिटर नंतर, प्लग आधी

दुकानात पहिला प्रश्न येतो किती लिटर. तुम्ही आधी खोक्यावरचे वॅट बघा. ओटीजी साधारण १२०० ते २००० वॅटचे असतात. आपल्या घरातला छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हंजे २३० व्होल्टला त्याची हद्द १३८० वॅट. त्याच्यावरचं काहीही असेल तर मोठा १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, फ्रीज-गीझरला असतो तसला. आता होतं काय, किचनमधला एकुलता एक मोठा सॉकेट फ्रीजनं अडवलेला असतो, मग लोक मल्टिप्लग नाहीतर कन्व्हर्टर पिन लावून छोट्या सॉकेटवर चालवतात. हे अजिबात करू नका, पिन तापते, प्लास्टिक वितळतं, वास येईपर्यंत कळत पण नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवून ओट्याजवळ वेगळा पॉइंट काढून घ्या, अर्थिंग आहे का तेही त्यालाच बघायला सांगा.

आता लिटर. १६-१८ लिटरचा दोघांना ठीक, पण त्यात वरचा रॉड पदार्थाच्या फार जवळ येतो, केक फुगला की वरनं करपणार. चार-पाच माणसांच्या घराला २५ ते ३० लिटर बरोबर पडतो. ४० च्या पुढचा घ्यायचा तर आधी ओटा टेपनं मोजा, कारण नुसता ओव्हन मावून चालत नाही, बाजूला मोकळी जागा पण लागते, आणि एवढी मोठी पेटी तापायला वेळही जास्त जातो. घरातली नेहमीची थाळी किंवा केकचा डबा मोजून माप लिहून दुकानात न्या, खोक्यावरच्या लिटरपेक्षा ते माप जास्त कामाला येतं.

एवढ्या गोष्टी असाव्यात: वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा चालवता यावा, पंखा बंद-चालू करता यावा (काहींमधे तो कायम चालूच राहतो, तसला घेऊ नका), आत दिवा असावा, आणि डायल शक्यतो १०० च्या खाली जाणारा असावा. कोंबडी फिरवायचा दांडा बघून बरेच जण भुलतात, तो चार वेळा वापरून माळ्यावर जातो. त्याच्यासाठी जादा पैसे देऊ नका.

बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड तिथल्या तिथं मागून घ्या, आणि खोकं थर्माकोलसकट महिनाभर फेकू नका.

२. सोबत काय लागेल

- ओव्हनचा थर्मामीटर. छोटा, जाळीवर ठेवायचा किंवा लटकवायचा. ही एकच गोष्ट घ्यायची म्हटली तरी हीच घ्या.
- ॲल्युमिनियमचा सात-आठ इंची डबा. काळा नॉनस्टिक डबा खालून लवकर भाजतो. स्टीलचा चालतो, पण त्यात उष्णता सारखी पसरत नाही.
- जाड कापडी हातमोजे, कोपरापर्यंत आले तर उत्तम. साणशी आणि ओला फडका यावर भागवू नका, ओल्या कापडातनं चटका जास्त बसतो.
- बेकिंग पेपर. बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यातलं काही मेणाचं असतं, ते ओव्हनमधे धूर करतं. पाकिटावर किती अंशापर्यंत चालतो ते लिहिलेलं असेल तोच घ्या.
- छोटा वजनकाटा. वाटीचं माप प्रत्येक घरात वेगळं असतंय.

प्लास्टिक, मेलामाइन, लाकडी दांड्याची भांडी आत नको. काचेचं भांडं बोरोसिलिकेटचंच पाहिजे, आणि तेही फ्रीजमधनं काढून थेट आत नाही.

३. जागा आणि पहिला रिकामा फेरा

मागं आणि दोन्ही बाजूंना वीतभर मोकळं सोडा, वर काही ठेवू नका. तापल्यावर ओव्हनचं डोकं चांगलंच गरम होतं, त्याच्यावर ब्रेडचं पाकीट ठेवायची सवय आमच्याकडं सगळ्यांना आहे, ती मोडा. गॅसच्या शेगडीला चिकटून नको, पडद्याजवळ नको.

पहिल्यांदा जाळी-ट्रे धुऊन पुसून घ्या, मग ओव्हन रिकामा, दोन्ही रॉड चालू, डायल पूर्ण, २० मिनिटं. खिडक्या उघडा. थोडा धूर आणि जळका वास येणारच, रॉडवर कारखान्यातलं तेल असतं ते जळतं. घाबरून दुकानात फोन करू नका. वास गेला नाही तर गार झाल्यावर अजून एकदा तसंच.

मधेच रॉड विझले तरी बिघाड नाही. ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅट रॉड बंद करतो, खाली आलं की परत लावतो, हे असं सारखं चालू राहतं.

टायमरचं एक सांगायचं राहिलं. फिरवायचा टायमर दहा मिनिटांच्या आत लावायचा असेल तर आधी १५-२० पर्यंत नेऊन मागं आणा, नाहीतर तो नीट धरत नाही. आणि त्याच डायलवर "कायम चालू" अशी एक खूण असते, तिथं लावून बाजारात जायचं नाही.

४. डायल खोटं बोलतो, त्याला पकडा

हा टप्पा सगळे गाळतात आणि निम्मी रडगाणी इथनंच सुरू होतात. डायलवर १८० लावलं म्हणून आत १८० असतं असं नाही. वीस-तीस अंशांचा फरक अगदी सर्रास असतो, आणि डायलजवळचा तापण्याचा दिवा विझला म्हंजे ओव्हन तापला असंही नाही, तेव्हा फक्त थर्मोस्टॅटच्या जवळची हवा तापलेली असते, पत्रे अजून गारच असतात. रॉड एकदा बंद होऊन परत लागू देत, मग पदार्थ आत घाला. साधारण १० ते १५ मिनिटं धरा.

थर्मामीटर असेल तर मधल्या जाळीवर ठेवून १५०, १८० आणि २०० ला काय दाखवतोय ते काचेतनं बघून लिहून घ्या. नसेल तर साखरेनं होतं. साखर साधारण १८६ अंशाला वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत अर्धा चमचा साखर घ्या, ओव्हन १७५ ला नीट तापवा, साखर आत १५ मिनिटं ठेवा. दाणे तसेच राहायला पाहिजेत. मग नवी साखर घेऊन १९० ला तेवढाच वेळ, आता वितळायला पाहिजे. १७५ लाच पाणी झालं तर तुमचा ओव्हन तिखट आहे, म्हंजे डायलपेक्षा जास्त तापतो, १९० लाही ढिम्म राहिली तर मवाळ, म्हंजे कमी तापतो. पाच-पाच अंश मागं-पुढं करून तुमची खरी १८० कुठं बसते ते शोधा आणि पेन्सिलनं कागदावर लिहून ओव्हनवर नाही, शेजारच्या भिंतीवर चिकटवा.

दुसरी परीक्षा ब्रेडची. अख्खी जाळी भरेल इतक्या स्लाइस मांडा, १८० ला दोन्ही रॉड, सात-आठ मिनिटं. कुठली स्लाइस आधी लाल झाली बघा. बहुतेक मागचा एक कोपरा किंवा पंख्याकडची बाजू पुढं असते. फोटो काढून ठेवा, हाच तुमच्या ओव्हनचा नकाशा. इथनं पुढं केक सोडून कुठलाही पदार्थ अर्ध्या वेळेला ट्रे फिरवून ठेवायचा, मागची बाजू पुढं.

गावाकडच्यांसाठी अजून एक. तासगाव, कवठेमहांकाळकडं संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. २३० ला १५०० वॅट देणारा रॉड २०० व्होल्टला जेमतेम ११३० वॅट देतो. म्हणून सकाळी जमलेली गोष्ट संध्याकाळी कच्ची राहते. रेसिपीत चूक शोधू नका, तापवायला जास्त वेळ द्या किंवा सकाळी करा.

५. पंखा कधी, कधी नाही

पदार्थाभोवती गार, ओलसर हवेचा एक पातळ थर धरून असतो. पंखा तो थर उडवतो, त्यामुळं पदार्थ लवकर तापतो, लवकर सुकतो आणि लवकर लाल होतो. एवढं कळलं की बाकी आपोआप सुचतं. जे कुरकुरीत पाहिजे त्याला पंखा: दाणे, पोहे, टोस्ट, बटाटे, चिकन. जे फुगून मऊ राहायला पाहिजे त्याला नको: केक, कॅरॅमल पुडिंग. पंख्यानं केकला वरनं साल लवकर धरते आणि मग तो मधनं फुटून वर येतो.

रेसिपीत साध्या ओव्हनचं तापमान दिलं असेल आणि तुम्ही पंखा लावणार असाल तर १५ ते २० अंश कमी करा. अमेरिकन रेसिपी फॅरनहाइटमधे असतात, त्यातलं ३५० म्हंजे आपलं १७५-१८०, आणि ४०० म्हंजे साधारण २००.

६. पहिला खरा पदार्थ: दाणे

सांगलीत राहून दाणे भाजायला कंटाळा येत नाही असं घर मला माहीत नाही. भडंगाला दाणे, कुटाला दाणे, चटणीला दाणे, आणि कढईपाशी उभं राहून हात दुखतो. अर्धा किलो दाणे ट्रेत एका थरात पसरा, एकावर एक नको. १६० अंश, पंखा चालू, मधली जाळी. दहा मिनिटांनी बाहेर काढून हलवा, परत आत. पंधराव्या मिनिटाला एक दाणा काढून गार करून खा. गरम दाणा मऊच लागतो, त्याच्यावर जाऊन वेळ वाढवला की करपले म्हणून समजा. साल चिमटीत सुटायला लागली, आतला दाणा फिकट बदामी दिसला की लगेच काढून दुसऱ्या थाळीत ओता. तापलेल्या ट्रेतच ठेवले तर ते भाजतच राहतात.

लहान दाणे लवकर होतात, जाडे उशिरा, म्हणून दोन्ही मिसळून घालू नका.

हे दोनदा जमलं की तुम्हाला ओव्हनचा अर्धा अंदाज आलेला असेल. कढईतल्यासारखे काळे ठिपके पडत नाहीत, सगळे दाणे सारखे निघतात. आमच्या सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, "विजेवर कसले दाणे भाजतीस," आता मात्र ट्रे तयार करून त्याच बसलेल्या असतात.

७. सादळलेलं परत कुरकुरीत करणं

पावसाळ्यात चुरमुरे सादळतात आणि मग भडंग चिवट होतं. १०० अंश, पंखा, पाच-सहा मिनिटं, फोडणीच्या आधी. चिवड्याचे पातळ पोहे उन्हात घालायला दिवाळीत ऊनच नसतं कधीकधी, ते पण १०० ला आठ-दहा मिनिटं, मधे एकदा हलक्या हातानं हलवून. रंग अजिबात बदलता कामा नये, फक्त बोटानं मोडले पाहिजेत. पंख्याच्या वाऱ्यानं पातळ पोहे उडतात कधीकधी, वर दुसरी जाळी पालथी टाका. खारी, टोस्ट, शेव यांनाही हाच उपाय. तयार तळलेल्या चिवड्याला मात्र जास्त वेळ नको, तेलाला वास येतो.

८. वांगी, बटाटे, आणि रविवारचं

कृष्णाकाठची मोठी वांगी भरताला घ्या, तेलाचा हात लावा आणि सुरीनं चार-पाच ठिकाणी टोचा. टोचायचं विसरायचं नाही, वाफ कोंडून वांगं आत फुटतं आणि मग बिया खरवडत बसायचं. २२० अंश, ४० ते ४५ मिनिटं, खाली ट्रे ठेवून जाळीवर, मधे एकदा उलटं करून. एक खरं सांगते, धुराची चव ओव्हनमधे येत नाही. ज्यांना ती पाहिजे त्यांनी शेवटी दोन मिनिटं गॅसच्या जाळावर धरावं. पण चार-पाच वांगी एकदम करायची असतील तर ओव्हनसारखं सुख नाही.

बटाट्याच्या फोडी आधी पाच मिनिटं उकळून निथळून घ्या, मग तेल-मीठ-तिखट लावून २०० ला अर्धा तास. चिकनचे लेग पीस असतील तर दही-मसाल्यात रात्रभर मुरवून २०० ला पंखा लावून ३५ ते ४० मिनिटं, खाली ट्रेत थोडं पाणी म्हंजे पडणारी चरबी धूर करत नाही. हाडाजवळ सुरी घातल्यावर लाल पाणी आलं तर अजून वेळ.

९. नानकटाई

पूर्वी दिवाळीच्या आधी पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि डबा भरून नानकटाई भाजून आणायची, अजूनही काही जण जातात. बेकरीची भट्टी विटांची, तास न् तास ऊब धरून ठेवते. आपला ओव्हन म्हंजे पातळ पत्र्याची पेटी, दार उघडलं की ऊब गेली. म्हणून बेकरीतलं कुणी सांगितलेलं वेळेचं गणित घरी लागू होत नाही, आणि म्हणूनच सारखं दार उघडून बघायचं नाही, आतला दिवा त्यासाठीच आहे.

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, वेलची-जायफळ, चिमूट मीठ. तूप थिजलेलं रवाळ पाहिजे. पातळ केलेलं तूप घातलं की नानकटाई ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटणार. तूप आणि साखर हातानं पांढरं होईपर्यंत फेसा, मग चाळलेली पिठं घालून फक्त गोळा करा, मळू नका. लिंबापेक्षा लहान गोळे, थोडे चपटे, मधे दोन बोटं अंतर. उन्हाळ्यात गोळे झाल्यावर ट्रे १५ मिनिटं फ्रीजमधे.

१७० ला तापलेला ओव्हन, दोन्ही रॉड, पंखा नको, १५ ते १८ मिनिटं. आधी दोनच गोळे भाजून बघा, सगळा ट्रे पणाला लावू नका. दोन गोळे पसरले तर उरलेल्या पिठात दोन चमचे मैदा घाला, फार फुटून कोरडे झाले तर चमचाभर तूप. वरनं फिकट आणि कडेला खालनं बदामी रंग आला की काढायच्या. बाहेर आल्यावर हाताला मऊ लागतात, ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, घट्ट होतात. वरनं लाल व्हायची वाट बघितली तर खालनं काळ्या निघतात.

१०. आता केक

साधा रव्याचा, अंडं नाही. बारीक रवा दीड वाटी, पिठीसाखर एक वाटी, दही एक वाटी, तेल किंवा पातळ तूप अर्धी वाटी, दूध अर्धी वाटी. हे कालवून अर्धा तास झाकून ठेवा, रवा फुगून घट्ट होईल, लागेल तसं थोडं दूध. ओव्हन १७० ला लावा आणि तो पूर्ण तापल्यावरच मिश्रणात एक छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घाला, कारण दह्याला सोडा लागला की फसफसणं लगेच सुरू होतं, ते ओव्हनची वाट बघत नाही. तासगावचे बेदाणे घालणार असाल तर कोरड्या मैद्यात घोळवून घाला म्हंजे तळाला बसत नाहीत, आणि वर पेरू नका, वरचे करपून कडू होतात.

डब्याला तूप, तळाला कागद, दोनतृतीयांशच भरा. खालून दुसऱ्या जाळीवर, दोन्ही रॉड, पंखा बंद, ३५ ते ४५ मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. त्यानंतर वरनं जास्त रंग आला असेल तर फॉइल सैलसर टाका, रॉडला टेकता कामा नये. काडी घालून कोरडी आली की झालं. दहा मिनिटांनी डब्यातनं काढा, त्याच्या आधी काढला तर तुटतो, फार वेळ ठेवला तर खालनं घाम येऊन ओला होतो.

वरनं काळा आणि आत कच्चा म्हंजे तापमान जास्त किंवा डबा फार वर. मधे खड्डा पडला म्हंजे दार लवकर उघडलं, किंवा सोडा जास्त. दगड झाला म्हंजे सोडा घालून मिश्रण बाहेर ताटकळलं.

११. लाईट, बिल, सफाई

मधेच लाईट गेली तर दार बंदच ठेवा. दाणे-नानकटाई वाचतात, केक निम्म्याच्या पुढं गेला असेल तर तोही बहुतेक वाचतो. घरच्या इन्व्हर्टरवर ओटीजी लावायचा नाही, तो एवढा लोड घेतच नाही.

१५०० वॅटचा ओव्हन तासभर सलग चालला तर दीड युनिट, पण थर्मोस्टॅट मधेमधे बंद करतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी जातात. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या पुढं चढतो, त्यामुळं दिवाळीच्या महिन्यात तुमचं रीडिंग कुठं आहे ते बघून घ्या. एकदा तापवला की लागोपाठ दोन-तीन गोष्टी करा, आधी केक, मग तापमान उतरवत दाणे, शेवटी बंद केलेल्या गरम ओव्हनमधे चुरमुरे.

सफाई गार झाल्यावर, प्लग काढून. खालचा चुऱ्याचा ट्रे दर वेळी झाडा, त्यातला चुराच पुढच्या वेळी जळून वास मारतो. त्या ट्रेवर किंवा खालच्या रॉडवर फॉइल अंथरू नका, उष्णता कोंडते. काचेवरचे तेलाचे डाग सोड्याची पेस्ट लावून अर्ध्या तासानं पुसायचे, तारेची घासणी नको, आणि काच गरम असताना ओलं फडकं तर मुळीच नको, तडकते. रॉडला हात लावू नका, त्याच्यावर सांडलेलं पुढच्या फेऱ्यात आपोआप जळून जातं. पूर्ण तापवूनही एक रॉड कधीच लाल होत नसेल तर मात्र घरी खोलत बसू नका, बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा.